जांभळं दाखवणारा स्कॅनर

माझ्या आईने आयुष्यभर नाटकांचे कपडे शिवले आणि बाबांनी त्याच नाटकांना प्रकाश दिला. दोघं एकाच थिएटरात कामाला. ओळख झाली तीच मुळी भांडणातून. एका तालमीच्या दिवशी बाबांनी चुकून सगळ्या तळमजल्याचे दिवे घालवले आणि आईचं मशीन बाहीच्या मध्यावर थांबलं. ती हातात कात्री घेऊन जिना चढून थेट त्यांच्या खोलीत गेली. बाबा सांगतात, "कात्री बघून मी आधी माफी मागितली, मग चेहरा बघितला."

निवृत्त झाले तेव्हा बाबांनी घरी एक पत्र्याची पेटी आणली आणि आईने बिस्किटांचे डबे. डब्यांत तिने शिवलेल्या प्रत्येक पोशाखाचा तळहाताएवढा तुकडा होता. सुतं निघू नयेत म्हणून चारी बाजूंनी दुमडून शिवलेला. कशाला ठेवलेस असं विचारलं तर ती म्हणायची, "कुठे फाटलं तर ठिगळ लावायला." नाटकं बंद पडून जमाना झाला, त्यातल्या राजपुत्राला गुडघ्यांचा त्रास सुरू झाला, तरी आईची ठिगळांची तयारी कायम होती.

मग एका प्रकाशन संस्थेतून फोन आला. रंगभूमीवरच्या पोशाखांवर त्यांना एक मोठं, रंगीत पुस्तक काढायचं होतं, आणि संपादक बाईंना डब्यांबद्दल कुणीतरी सांगितलं होतं. आई आधी नाही-नाही म्हणाली, मग तुकडे काढून जेवणाच्या टेबलावर मांडून बसली. मी फोनने फोटो काढून पाठवले. संपादक बाई फार गोड बोलणाऱ्या होत्या. त्यांनी फोटोंचं कौतुक केलं आणि त्यातला एकही चालणार नाही असं सांगितलं. कशावर माझ्या हाताची सावली होती, कशाचा रंग खिडकीने खाल्ला होता.

"चांगल्या रिझोल्यूशनच्या कलर स्कॅनरवर घ्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुकडे आमच्याकडे पाठवा, आम्ही स्कॅन करून परत देऊ."

दुसरी सूचना आईने ऐकलीच नाही असं दाखवलं. तुकडे घराबाहेर जाणार नव्हते. म्हणजे स्कॅनर घरात येणं भाग होतं.

बाबांना हेच हवं होतं. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताखाली एकही यंत्र उरलं नव्हतं. ते कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसले आणि जेवतानाही डीपीआयबद्दल बोलू लागले. मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून घरी यायचे, तर बाबा मला थांबवून इंचात किती ठिपके मावतात ते समजावायचे.

"एका इंचात जितके जास्त ठिपके, तितकं बारीक दिसणार," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या टाक्यांतला दोरा न् दोरा मोजता येईल."

"टाके मोजायचे नाहीयेत," आई आतून म्हणाली. "रंग बरोबर यायला हवा. विशेषतः राणीच्या झग्याचा."

बाबा एकदम गप्प झाले. राणीच्या झग्याचं नाव निघालं की आमच्या घरात कुणीतरी गप्प होतंच.

तो झगा म्हणजे आमच्याकडचं जुनं दुखणं. एका नाटकात एक राणी होती. युद्धावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघता बघता शेवटी स्वतःच राज्य हातात घेणारी. तिच्यासाठी आईने मखमलीचा झगा शिवला होता. कापड तिने स्वतः रंगवलं होतं, तीनदा बिघडवून चौथ्यांदा साधलं होतं. जांभळा. पिकलेल्या जांभळासारखा, आतून लाल झाक असलेला. नाटक गाजलं. वर्तमानपत्रात लिहून आलं, 'निळ्या झग्यातली राणी डोळ्यांसमोरून हलत नाही.' बघणारे आईला भेटून सांगायचे, काय तो निळा रंग. आईने हसून आभार मानले, आणि घरी येऊन बाबांना सांगितलं, "तुमच्या दिव्यांनी माझ्या जांभळ्याची वाट लावली."

बाबा म्हणाले, "झगा निळाच होता."

हे त्यांनी चिडून म्हटलं की गमतीने, हे आता त्यांनाही आठवत नव्हतं. पण एकदा म्हटलं ते म्हटलं. त्यानंतर पडदे घ्यायचे असोत की माझ्या शाळेची पिशवी, जांभळा रंग दिसला की एकजण दुसऱ्याकडे बघायचा.

तर बाबांनी ज्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा होता तो स्कॅनर मागवला. आला तो एवढा सडपातळ, की आईला वाटलं नुसतं झाकणच आलंय. बाबांनी तो जोडला, राणीच्या झग्याचा तुकडा काचेवर ठेवला, आणि झाकणाखालून एक उजेडाची रेघ सरकत गेली. पडद्यावर तुकडा उमटला.

तो निळा होता. अगदी शाळेच्या गणवेशासारखा निळा.

बाबा खुर्चीत मागे रेलले. "यंत्राला काय पडलंय कुणाची बाजू घ्यायचं," ते म्हणाले. चेहऱ्यावर एवढं समाधान मी त्यांच्या निरोप समारंभातही पाहिलं नव्हतं.

आई वाकून बघत राहिली. "आणि हे धुकं कसलं?"

खरंच, मखमलीची लव कुठेच दिसत नव्हती. काचेला टेकलेला भाग ठीक होता. जरा वर उचललेलं सगळं विरघळल्यासारखं. काठावर शिवलेल्या टिकल्या तर राखाडी डागांसारख्या दिसत होत्या. बाबांनी आकडा वाढवून पाहिला. डाग मोठे झाले.

"हा परत करा," आई म्हणाली. "आणि पुढचा मी बघून घेणार. भाजी घेतानासुद्धा मी हात लावून घेते."

शनिवारी मी दोघांना गाडीतून दुकानात नेलं. कॉम्प्युटरच्या सामानाचं लांबोळकं दुकान, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी, मागे एका काउंटरवर दाखवायला ठेवलेली यंत्रं. दुकानदार कानामागे पेन्सिल खोचलेला, मधल्या वयाचा गृहस्थ. आईने त्याच्यासमोर बिस्किटांचा डबा ठेवला तेव्हा त्याने आधी भीत-भीत आत पाहिलं.

"स्कॅनर घ्यायचाय," आई म्हणाली. "पण आधी हे तुकडे सगळ्यांवर लावून बघणार."

"सगळ्यांवर, काकू?"

"तुमच्याकडे किती आहेत?"

त्याने उसासा टाकून पहिल्या यंत्राचं बटण दाबलं. शनिवार होता, गर्दी होती, पण आईच्या आवाजात नटांना मापं घ्यायला ताटकळत उभं करणाऱ्या बाईचा वचक होता.

पहिल्या यंत्रावर राणीचा झगा पुन्हा निळा आला. "हाही ह्यांच्याच पार्टीतला," आई म्हणाली आणि तुकडा उचलला. दुसऱ्यावर तो गुलाबीकडे झुकला. बाबा म्हणाले, "बीट उकडल्यासारखं दिसतंय," आणि पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमत झालं. मागे माउस घ्यायला आलेला एक गृहस्थ उभा होता, तो म्हणाला, "मला तर पहिला बरा वाटला."

"तुम्हाला कुणी विचारलं?" आई म्हणाली. पण मग तिने त्याला खरा तुकडा दाखवला. त्याने तो दाराशी नेऊन उजेडात धरला आणि परत येऊन म्हणाला, "नाही हो, हा जांभळाच आहे." त्यानंतर तो माउस विसरून तिथेच उभा राहिला.

दुकानदाराने आता पेन्सिल कानामागून काढली होती. त्यालाही चेव आला होता. "काकू, जांभळा रंग यंत्रांना जड जातो," तो म्हणाला. "यात निळाही असतो आणि अगदी गडद लालही. स्वस्तातल्या स्कॅनरच्या दिव्यांत तो गडद लाल दिसतच नाही. मग काय उरणार? निळा."

"म्हणजे दोष दिव्यांचाच," आई म्हणाली, आणि बाबांकडे बघितलं नाही, हे तिने जरा जास्तच ठसठशीतपणे केलं.

बाबांनी विषय बदलला. "आणि खोक्यावरचा तो मोठा आकडा?"

"त्यात खरे ठिपके थोडे. मधले ठिपके यंत्र स्वतःच्या मनाने भरतं."

"तुमच्यासारखंच की," आई बाबांना म्हणाली. माउसवाला गृहस्थ हसला आणि मग खोकला आल्याचं दाखवू लागला.

बाबांनी हे मनावर घेतलं नाही. ते वर बघत होते. सगळ्यात वरच्या फळीवर एक जाडजूड स्कॅनर होता, प्रवासाच्या बॅगेएवढा. "तो?" त्यांनी विचारलं.

"तो कुणी नेत नाही," दुकानदार म्हणाला. "अर्धं टेबल खातो. आतमध्ये आरसे आणि भिंग आहे ना, म्हणून जाड."

"भिंग आहे?" बाबांचा आवाज बदलला. "मग काचेच्या वरचंही दिसेल. खाली काढा."

शिडी आली. स्कॅनर खाली आला, पुसला गेला, जोडला गेला. आईने तुकडा ठेवला. या यंत्राला घाई नव्हती. रेघ इतकी सावकाश सरकली की माउसवाल्याने मधेच फोनवर घरी सांगून टाकलं, जरा वेळ लागेल.

मग पडद्यावर मखमल आली. नुसतं चित्र नव्हे. लव एका बाजूला झोपलेली, दुमड पडलेल्या जागी उभी राहिलेली, टिकल्यांच्या खाली त्यांची बारीक सावली. दुकानदाराने ते मोठं केलं, आणखी मोठं केलं, तरी दोऱ्याचा पीळ दिसतच राहिला. माझा हात आपोआप पुढे झाला, काचेवर नव्हे, पडद्यावर. हात फिरवून बघावा असंच वाटत होतं. रंगही जांभळ्याच्या बराच जवळ होता, जरासा थकलेला.

आईने दुकानदाराकडे बारीक कात्री मागितली आणि तुकड्याच्या एका बाजूची शिवण उसवली. दुमडलेली कड उलगडली. आतल्या बाजूला इतकी वर्षं उजेड लागलेला नव्हता, तिथे रंग अजून ताजा होता, आत लाल झाक असलेला.

"हा होता रंग," ती म्हणाली.

"हाच स्कॅनर घे," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. हा स्कॅनर घेतला की ते हरणार, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होतं. त्यांनाही. पण ते खाली वाकून यंत्राच्या कडेची जाडी बोटांनी मोजत होते आणि आमच्या टेबलावर काय काय हलवावं लागेल याचा विचार करत होते.

खोक्यात एक रंगपट्टीही होती, लहान लहान चौकोनांची. दुकानदाराने बजावून सांगितलं, "आधी हिला स्कॅन करा. हिचे रंग यंत्राला माहीत असतात. कुठे चुकतंय ते त्याचं त्याला कळतं आणि मग ते सुधारतं." निघताना त्याने आईला विचारलं, पुस्तक आलं की सांगाल का. माउसवाला गृहस्थ माउस न घेताच गेला होता.

रविवारी सकाळी बाबांनी पट्टी स्कॅन केली, मग तुकडा, उसवलेली कड उलगडून. कॉम्प्युटरने थोडा विचार केला आणि रंग दुरुस्त करून दाखवले.

जांभळा. शंकाच नाही असा जांभळा. आईने तुकडा पडद्याशेजारी धरला. दोन्हींत फरक सांगता आला नसता.

"बरोबर आहे तुझं," बाबा म्हणाले.

एवढ्या वर्षांनी हे वाक्य ऐकल्यावर आई निदान खुर्चीत ताठ बसेल अशी माझी अपेक्षा होती. ती पडद्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"कापड आहे हे," ती म्हणाली. "छान आहे. पण ही राणी नाही. लोक कशाबद्दल बोलायचे ते यात कुठे आहे?"

"तुला राणी कशी दिसायची?"

"विंगेतून. पाठीकडून. एका खांद्यावर उजेड आणि बाकी अंधार."

मला एकदम जाणवलं. "आई, तू ते नाटक समोरून कधी बघितलंसच नाही?"

"मी कधी बसणार समोर? दर अंकाला तिच्या पाठीचे हूक कोण लावणार? तिसऱ्या अंकात तर मी विंगेत गुडघ्यांवर बसून तिचा लांब घोळ सावरत असायचे."

बाबा मान वर करून तिच्याकडे बघत होते. "मला वाटलं, तू एकदा तरी बघितलं असशील," ते म्हणाले.

"कुठून?"

"मग तू 'वाट लावली' कशावरून म्हणालीस?"

"लोक निळा म्हणायचे त्यावरून. आणि मग तुम्हीही निळाच म्हणालात."

बाबा उठले. आतल्या खोलीत गेले, आणि पत्र्याची पेटी ओढत आणल्याचा आवाज आला. पेटीत त्यांची रंगीत जिलेटीनं होती, दिव्यांपुढे लावायची ती पातळ कागदासारखी पानं. आईची ठिगळं तशी ती बाबांनी कशासाठी जपली होती, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्यांनी मला पडदे ओढायला लावले, बाहेर लख्ख ऊन असूनही. टेबलावरचे दोन दिवे त्यांनी पुस्तकांवर ठेवून हवे तसे वळवले. तुकडा त्यांनी पाण्याच्या सुरईच्या मानेला गुंडाळला, जरा वर खोचला, जरा खाली सोडला. मग आईसाठी समोर एक खुर्ची ठेवली.

"इथे बस," ते म्हणाले. "मधल्या रांगेत."

आई हसली, पण बसली.

त्यांनी एक दिवा लावला, निळसर हिरवं जिलेटीन पुढे धरून. सुरईवरची मखमल निळी झाली. स्कॅनरवर आली होती तशी गणवेशाची निळी नव्हे. खोल, थंड, खाली काहीतरी दडवून ठेवल्यासारखी.

"नवरा परत येणार नाही हे तिला माहीत आहे, पण ती कुणाला सांगत नाही," बाबा म्हणाले. "दोन अंक. म्हणून तुझा लाल मी झाकून टाकला. होता, पण दिसू दिला नाही. मग तिसऱ्या अंकात ती सिंहासनाकडे जाते. किती पावलं चालायची ती, आठवतं?"

"भरपूर. माझे गुडघे दुखायचे."

"तेवढ्या वेळात." त्यांनी दुसरा दिवा लावला. त्यापुढचं फिकट अंबर, म्हणजे मधासारख्या पिवळ्या रंगाचं पान त्यांनी हळूहळू पुढे आणलं, आणि दुसऱ्या हाताने निळं पान मागे ओढत नेलं. उजेड जराही थरथरला नाही. मखमलीच्या आतून लाल वर येऊ लागला. आधी लवेच्या टोकांवर, मग घडीच्या कडेला, मग सगळीकडे. कापड तेच, सुरई तीच, आणि कुणीतरी श्वास घेतल्यासारखा झगा जांभळा झाला.

"तुझा जांभळा मी शेवटासाठी राखून ठेवला होता," बाबा म्हणाले. "पहिल्या दोन अंकांत खर्च कशाला करायचा? पण बघणाऱ्यांच्या डोळ्यांत दोन अंकांचा निळाच राहिला, आणि परीक्षण लिहिणारा तर बहुतेक मध्यंतरातच गेला असावा."

आई म्हणाली, "हे तेव्हाच सांगता आलं नसतं?"

"तू विचारलं कुठे? तू थेट निकाल दिलास. मग मलाही राग आला."

"आणि एवढी वर्षं निळा, निळा करत बसलात."

"सवय लागली."

"पुन्हा दाखवा," ती म्हणाली.

बाबांनी पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदाही दाखवलं. मग त्यांचे हात दुखले म्हणून मी पानं धरली, आणि त्यांनी मला इतक्या सूचना दिल्या की आई म्हणाली, तिला जमतंय, जरा तोंड मिटा. मी फोनने त्या दोन्ही उजेडांतले फोटो काढले, यावेळी हाताची सावली न पाडता.

सोमवारी आईने संपादक बाईंना तुकड्याचं स्कॅन पाठवलं आणि सोबत दोन्ही फोटोही. कापड माझं, उजेड ह्यांचा, असं तिने फोनवर सांगितलं, आणि तिन्ही एका पानावर छापणार असाल तरच राणी देते, नाहीतर राहू दे. संपादक बाईंनी एक पान नव्हे, समोरासमोरची दोन पानं देऊ केली.

आता सकाळी घरातली कामं उरकली की आई स्कॅनरपाशी बसते. रंगपट्टी, तुकडा, नाव, पुढचा तुकडा. बाबांना झाकण उघडायची परवानगी आहे, बटण दाबायची नाही. मधेच त्या संपादक बाईंचा फोन येतो, हल्ली बहुतेक वेळा बाबांसाठीच. कोणत्या नाटकात कुठला रंग कुठल्या उजेडात कसा दिसायचा, हे त्यांना सगळं हवंय. बाबा फोन घेऊन खिडकीशी उभे राहतात आणि पहिल्या अंकापासून सुरुवात करतात. आई हातातला तुकडा काचेवर सरळ करता करता मान न वळवता म्हणते, "त्या बाईंना जेवायला जायचं असेल, जरा आवरतं घ्या." बाबा हो म्हणतात आणि दुसऱ्या अंकाकडे वळतात.